दूध केंद्राची अनुदानाची शीट आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी दूध संकलन केंद्राचं आहे. गावाचं आणि प्रकल्पाचं (म्हणजे केंद्राचं दूध घेणाऱ्या डेअरीचं) नाव मुद्दाम टाकत नाही. दोनशेच्या आसपास उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, वजनकाटा आणि फॅट मशिन कॉम्प्युटरला जोडलेलं. उत्पादकाचा कोड टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आपोआप येतं, पावती निघते, दर दहा दिवसांनी बिल होतं (गावात त्याला सगळे दुधाचा पगारच म्हणतात). केंद्र अण्णांचं, म्हणजे माझ्या मित्राच्या वडलांचं, आणि कॉम्प्युटर बघतात वहिनी, म्हणजे मित्राची बायको.

तर २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान सुरू केलं, ११ जानेवारीपासून. मग ते बंद झालं आणि १ जुलैपासून परत आलं, प्रकल्पानं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३० रुपये द्यायचे आणि वरचे ५ सरकार देणार. पैसे थेट शेतकऱ्याच्या आधार लिंक असलेल्या खात्यावर, आणि गाईच्या कानात बिल्ला पाहिजे, तो १२ आकडी टॅग नंबर माहितीत भरलेला पाहिजे. म्हणजे जी माहिती आत्तापर्यंत केंद्राला कधी लागलीच नव्हती ती एकदम प्रत्येक उत्पादकाची लागायला लागली, आणि ती सुद्धा रोजच्या दुधाच्या आकड्यांना जोडून.

प्रकल्पानं एक एक्सेल शीट पाठवली. नाव, आधार, बँक खातं, आयएफएससी, टॅग नंबर, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दोनशे उत्पादक, दोन पाळ्या, दहा दिवस, म्हणजे एका बिलाच्या चार हजार ओळी. जानेवारीच्या फेरीत वहिनींनी हे सगळं एका स्क्रीनवर बघून दुसरीकडं टाइप केलं होतं, रात्री संध्याकाळची पाळी संपल्यावर. शीट त्रुटी म्हणून दोनदा परत आली, आणि काही जणांचे पैसे आले नाहीत ते शेवटपर्यंत का आले नाहीत हे कुणी सांगितलंच नाही. गावात याचा दोष अर्थातच केंद्रावर गेला.

अडचण नक्की कुठं होती

मित्रानं फोन केला तेव्हा मागणी साधी होती, "टायपिंग वाचव." पण जानेवारीची परत आलेली शीट उघडून बघितली तर टायपिंगच्या चुका त्यामानानं थोड्या होत्या. लिटर आणि फॅटमध्ये इकडंतिकडं दोन-चार. खरा घोळ होता ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते त्या आकड्यांचा. टॅग, आधार, खातं.

एक्सेलच्या साध्या म्हणजे जनरल फॉरमॅटच्या खान्यात ११ आकड्यांपर्यंत नंबर जसाच्या तसा दिसतो. बारावा आकडा आला की तो १.२३ई+११ असा दाखवायला लागतो. टॅग १२ आकडी, आधार १२ आकडी. म्हणजे दोन्ही नेमके त्या रेषेच्या एक पाऊल पलीकडं! नुसतं दिसायला तसं असेल तर आत नंबर शाबूत असतो, फॉरमॅट बदलला की परत येतो. पण कुणी ती फाइल तशीच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामानं खाने वेगळे केलेली फाइल) म्हणून सेव्ह केली तर जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मागचे आकडे कायमचे गेले. या प्रकरणात मधे कुणीतरी नेमकं तेच केलं होतं, केंद्रात का वर प्रकल्पात ते कळायला मार्ग नाही.

खात्यांचं अजून वेगळं. एक्सेल कुठल्याही नंबरचे १५ च आकडे धरून ठेवतं, सोळावा आला की तिथं शून्य बसवतं आणि काही बोलत नाही. स्टेट बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्रची खाती ११ आकडी, त्यामुळं गावातल्या बहुतेकांचं ठीक होतं आणि कुणाला शंका आली नाही. पंजाब नॅशनलची खाती १६ आकडी, ती सगळी शून्यानं संपत होती. शेवटचा आकडा शून्य दिसला तर कुणाला काय वाटणार?

मग तारखा. त्या कॉम्प्युटरवर विंडोजची सेटिंग अमेरिकन होती, महिना आधी. मशिनच्या फाइलमधलं ०५/०७ म्हणजे ५ जुलै, एक्सेल ते ७ मे समजतं. १३ तारखेपासून पुढं महिना तेरावा नसल्यामुळं ते जमत नाही म्हणून तो नुसता मजकूर राहतो. म्हणजे १ ते १० जुलैचं बिल अख्खंच उलटणार, फक्त ७ जुलै सोडून.

आणि नावं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, तिथून बाहेर काढली की नुसती कचराअक्षरं. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं, दूध रजिस्टरला तिसरं, वर गावात एका आडनावाची निम्मी घरं. नावावरून काहीही जुळवणं शक्य नव्हतं.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय अण्णांचा, "पोरगा ठेवू एक, टाइप करंल." स्वस्त होता, पण पोरानं कितीही नीट टाइप केलं तरी एक्सेल वरचं सगळं करणारच, शिवाय दोनशे घरांचे आधार नंबर बाहेरच्या पोराच्या हातात. हा बाद.

दुसरा, बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून हवा तसा रिपोर्ट करून घेणं. खरं तर हाच योग्य मार्ग होता असं मला आजही वाटतं. त्यांनी जास्तीचे पैसे मागितले आणि तारीख काही दिली नाही. पैशापेक्षा तारखेचा प्रश्न होता कारण बिल दहा दिवसांनी येतंच.

तिसरा, एक्सेलमध्येच व्हीलुकअप, म्हणजे एका शीटमधला कोड दुसऱ्या शीटमध्ये शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा फॉर्म्युला. मित्राला हे येत होतं आणि त्यानं अर्धं करूनही ठेवलं होतं. पण त्यात दोन भानगडी. कोड एका शीटमध्ये नंबर आणि दुसऱ्यात मजकूर असला की जुळतच नाही, एरर येते. ती परवडली, निदान दिसते तरी. दुसरी वाईट. व्हीलुकअपचा शेवटचा भाग, फॉल्स, लिहायचा राहिला की ते अंदाजे जुळवतं, कोड सापडला नाही तर त्याच्या अलीकडचा जवळचा धरतं. म्हणजे शेजाऱ्याचं खातं ह्याच्या दुधासमोर, आणि शीट बघायला एकदम चकाचक. मित्राच्या शीटमध्ये फॉल्स होता, पण पुढच्या महिन्यात घाईत दुसरं कुणी फॉर्म्युला लिहील तेव्हा असेलच याची खात्री कोण देणार. पॉवर क्वेरीनं (एक्सेलचंच, याद्या जोडायचं साधन) हे सगळं जास्त नीट होतं, एक्सेल २०१६ पासून ते आतच असतं, पण केंद्रावर २००७ होतं.

चौथा, गूगल शीट आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट. म्हणजे गूगल शीटच्या आतच चालणारा कोड, मला हे सगळ्यात सोपं पडलं असतं. सहा मिनिटांची मर्यादा असते एका रनला, चार हजार ओळींना ती पुरते. नाकारलं ते दोन कारणांनी, संध्याकाळी पाळीच्या वेळी नेटचा भरवसा नाही, आणि आधार-खात्यांची यादी कुणाच्या तरी पर्सनल जीमेलवर पडून राहणार. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला वेळ लागत नाही.

पाचवा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, त्याच कॉम्प्युटरवर, नेटशिवाय. हा घेतला. कॉम्प्युटर विंडोज ७ चा, त्यावर पायथन ३.८ पर्यंतच चालतं, ३.९ पासून नाही. अण्णा नवीन कॉम्प्युटर घ्यायला तयार होते पण फॅट मशिनची जोडणी चालू हंगामात हलवायची हिंमत कुणाची नव्हती (माझी तर नव्हतीच). म्हणून ३.८ आणि एक्सेल फाइल लिहायला ओपनपायएक्सएल, बाकी काही नाही.

मधे एकानं आपोआप माऊस फिरवून क्लिक करणारी स्क्रिप्ट सुचवली होती. म्हणजे वहिनी जे करतात तेच, फक्त डोळे मिटून. त्यावर चर्चा केली नाही.

काय केलं

पहिला निर्णय स्क्रिप्ट लिहायच्या आधीचा होता आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच गेला. उत्पादकांची एक मूळ यादी करायची, एका कोडला एक ओळ, आणि पुढं सगळं कोडवरच जुळवायचं, नाव फक्त माणसाला वाचायला. या यादीचे सगळे खाने भरायच्या आधीच टेक्स्ट फॉरमॅटला टाकले. आधी भरून मग टेक्स्ट केलं तर उपयोग नाही, तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं. जानेवारीच्या शीटमधून एकही नंबर कॉपी केला नाही, पासबुक आणि आधारच्या झेरॉक्सवरून परत भरलं. वहिनी वैतागल्या, "परत टायपिंगच की!" हो, पण एकदाच.

मग स्क्रिप्ट. मशिनचं सॉफ्टवेअर प्रत्येक पाळीची एक साधी टेक्स्ट फाइल देतं, ती एका फोल्डरमध्ये टाकायची, स्क्रिप्ट ते सगळं वाचते, मूळ यादीशी जोडते आणि नवीन एक्सेल फाइल बनवते. दीडशे-दोनशे ओळींचा कोड, जास्त नाही. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सक्तीनं वाचायची, एक्सेलला अंदाज करूच द्यायचा नाही. टॅग, आधार, खातं हे मजकूर म्हणूनच लिहायचं. एक गंमत म्हणजे वहिनींनी काही कोड मराठी आकड्यात टाइप केले होते. पायथनला १२ मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, नंबर करायला सांगितलं की बरोबर बारा करतं. पण आपण तर मुद्दाम सगळं मजकूर ठेवलेलं, आणि मजकूर म्हणून ते दोन बारा एक नाहीत. म्हणून जोडायच्या आधी सगळे आकडे इंग्रजीत करून घेतले.

प्रकल्पाची शीट जुन्या एक्सएलएस प्रकारातली होती, ओपनपायएक्सएल ती उघडत नाही, ती एकदा नव्या प्रकारात सेव्ह करून घेतली. जाता जाता, त्या जुन्या प्रकारात एका शीटला ६५,५३६ च ओळी मावतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याचे १५,८४१ कोरोना रुग्ण याच कारणानं मोजणीतून गळले होते. आमच्या केंद्राच्या अख्ख्या जुलैच्या जास्तीत जास्त १२,४०० ओळी, आम्हाला धोका नव्हता, पण वर प्रकल्पात अशा सहा केंद्रांचा महिना एका शीटमध्ये टाकला तर? मित्रानं तिथं फोन करून सांगितलं, त्यांनी "बघतो" म्हटलं.

दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, स्क्रिप्टनं अंदाज करायचा नाही. जी ओळ शंकास्पद ती मुख्य शीटमध्ये जाणारच नाही, "तपासा" नावाच्या वेगळ्या शीटमध्ये जाणार, शेजारी मराठीत कारण लिहून. मित्राचं म्हणणं होतं की ओळ मुख्य शीटमध्येच ठेव आणि लाल रंग दे. रंग घाईत कुणी बघत नाही, आणि वर गेलेल्या शीटमधला रंग तर कुणीच बघत नाही. यावर आमचा बराच वाद झाला.

तपासण्या साध्याच. टॅग १२ आकडी आहे का. आयएफएससी ११ अक्षरी आणि पाचवं अक्षर शून्य आहे का, कारण तिथं लोक हमखास इंग्रजी ओ टाइप करतात. बीकेडीएननं सुरू होणारा कोड आला तर थांबा, ती जुनी देना बँक, २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात गेली, पासबुक बदललेलं नाही. आधारचा शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ ची पद्धत आहे, त्यात एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर नक्की पकडलं जातं. वीस-पंचवीस ओळींचा कोड आहे आणि सगळ्या तपासण्यांत सगळ्यात जास्त कामाचा तोच निघाला. नंबर दुसऱ्याच कुणाचा असेल तर मात्र तो पकडत नाही, तो बरोबरच असतो ना.

दुधाच्या बाजूला, अनुदान फक्त गाईच्या दुधाला, म्हणून म्हशीच्या ओळी गाळायच्या. पण पाळीच्या गर्दीत गाय-म्हैस बटण चुकतं, तेव्हा गाईच्या ओळीला सहाच्या वर फॅट दिसला की तपासा. उलटं, म्हशीच्या ओळीला साडेतीन फॅट दिसला तरी तपासा, कारण तिथं शेतकऱ्याचं नुकसान आहे. हे उलटं मला सुचलं नव्हतं, वहिनींनी सांगितलं.

डबल नोंदीचं जरा अवघड होतं. तीच फाइल दोनदा फोल्डरमध्ये पडली तर दूध दुप्पट. सरळ उपाय म्हणजे तारीख, पाळी, कोड सारखं असेल तर एकच ओळ धरायची. पण काही लोक एका पाळीत दोन किटल्या घालतात, दोन पावत्या होतात, दोन्ही खऱ्या. सरळ उपायानं त्यांची दुसरी किटली गेली असती, आणि ते ओरडत आले असते तेव्हाच कळलं असतं. म्हणून पावती नंबर सुद्धा जोडला, चारही सारखं असेल तरच डबल.

शेवटी स्क्रिप्ट प्रत्येक पाळीची गाय आणि म्हैस दोन्ही धरून लिटरची बेरीज दाखवते. मशिन पाळी संपल्यावर एक चिठ्ठी देतं त्यावर पण बेरीज असते. वहिनींनी दोन्ही जुळवायच्या, जुळलं तरच शीट पाठवायची.

पहिल्या रनला काय झालं

तपासाची यादी एवढी लांब आली की मित्र म्हणाला, स्क्रिप्टच चुकली असेल. नव्हती चुकली. बहुतेक टॅग नव्हतेच, काही आधार झेरॉक्सवर पुसट दिसल्यामुळं चुकलेले, दोन-तीन देना बँक. चिठ्ठ्या छापून पावतीबरोबर दिल्या, "तुमचा टॅग नंबर आणा", "नवीन पासबुक दाखवा". पाळीला माणूस रोज येतोच, त्यामुळं हे जमलं.

पण काही प्रश्न असे आले ज्याला स्क्रिप्टमध्ये उत्तर नाही. दूध बापाच्या कोडवर, गाय लेकाच्या नावावर. दोन भावांचं दूध एकाच किटलीत, एका कोडला. गाईचा बिल्ला तुटून पडला, नवीन मारला, त्याचा नंबर वेगळा, रजिस्टरला जुनाच. एकजण म्हणाला, "घरातल्या कुठल्याबी गाईचा टाका की वहिनी, कोण बघतंय." आणि महिनाअखेरीच्या दबावात तो मोह खरा होता, रिकामा खाना भरला की ओळ पास. अण्णांनी इथं एकदम ठाम सांगितलं, "न्हाई टाकायचा. ज्याचं नाव त्याचाच नंबर. उद्या तपासणी आली तर केंद्र बंद व्हईल." मग ठरलं की बाप-लेकाच्या बाबतीत लेकाच्या नावानं नवीन कोड काढायचा आणि त्या दिवसापासून दूध तिथं घालायचं, मागचं सोडून द्यायचं. यात काही घरांचं पहिल्या दहा दिवसांचं अनुदान बुडालं. त्यांनी तीन-चार दिवस दूध दुसऱ्या केंद्राला घातलं, मग परत आले. दोन भावांचं मात्र आजून मिटलेलं नाही, ते दूध एकत्रच येतं.

निकाल

शीट बनवायचं काम रात्रींवरून एका संध्याकाळवर आलं, त्यातला स्क्रिप्टचा भाग मिनिटाचा सुद्धा नाही, बाकी वेळ तपासाच्या यादीचा. तिसऱ्या बिलापर्यंत यादी एका पानात मावायला लागली. फॉरमॅटच्या कारणानं शीट परत आली नाही. पैसे सगळ्यांना वेळेत आले असं मात्र म्हणता येणार नाही, अनुदान उशिरा येण्याची कारणं शीटच्या बाहेरची असतात, पण कुणी विचारायला आला की वहिनी त्याची ओळ काढून दाखवू शकतात, काय पाठवलं, कधी पाठवलं.

ऑक्टोबरपासून दर २८ अधिक ७ झाला. दर कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला होता, कुठल्या तारखेपासून कुठला दर असा, त्यामुळं वहिनींनी स्वतः एक ओळ वाढवली. मला दोन दिवसांनी कळलं.

परत करायचं झालं तर

मूळ यादी भरताना ती प्रत्येक उत्पादकाकडून छापून सहीनं तपासून घ्यावी असं मला वाटतं. ते आम्ही केलं नाही, घाई होती, आणि व्हरहॉफ पास झालेला पण भलत्याचा आधार नंबर एका घरात निघालाच, नवरा-बायकोचे अदलाबदल. सहीनं तो पहिल्या दिवशी सापडला असता.

आधार नंबर रोजच्या चार हजार ओळींत प्रत्येक ओळीला लिहायची खरंच गरज आहे का हे प्रकल्पाला आधीच विचारायला पाहिजे होतं. कोड पुरेल, आधारची यादी वेगळी, पासवर्डखाली, एकदाच. विचारलं तेव्हा उत्तर आलं की वरून असंच मागतात. कदाचित खरं असेल. पण पहिल्या फेरीच्या आधी विचारलं असतं तर निदान शीट ई-मेलनंच पाठवायची, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, एवढं तरी ठरलं असतं. ते ठरायला ऑगस्ट उजाडला.

लाल रंगाच्या वादात मित्राचा एक मुद्दा आज मला पटतो. वेगळ्या शीटमध्ये गेलेली ओळ विसरली जाते. एकदा तपासामधल्या काही ओळी दुरुस्त करून परत मुख्य शीटमध्ये घ्यायच्या राहिल्या, पुढच्या बिलात लक्षात आलं. आता स्क्रिप्ट चालू झाली की आधी मागच्या तपासामधल्या राहिलेल्या ओळी दाखवते आणि त्यांचं काय करायचं ते विचारल्याशिवाय पुढं जात नाही. रंग तरीही दिलेला नाही.

आणि मशिनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की कॉलमची जागा बदलू शकते, म्हणून स्क्रिप्टनं आधी पहिल्या ओळीतली कॉलमची नावं तपासावीत, जुळली नाहीत तर सरळ बंद पडावं. हे पहिल्यापासूनच टाकलेलं होतं. डिसेंबरात अपडेट आलं, फॅट आणि एसएनएफची अदलाबदल झाली, स्क्रिप्ट बंद पडली, आणि मित्राचा फोन आला की तुझं ते बिघडलंय.